माइनक्राफ्टमध्ये चित्रदालन बांधायचंय: मॅप आर्ट, मराठी पाट्या आणि बाहेरच्यांना दाखवायची सोय

कुंचला_कुदळ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमचा आठ-दहा जणांचा जावा एडिशनचा सर्व्हर आहे. पेपर (सर्व्हरचं सॉफ्टवेअर), आवृत्ती १.२१, सर्व्हायव्हल, म्हणजे साहित्य खेळूनच गोळा करायचं. त्यावर मॅप आर्टचं चित्रदालन उभं करायचं ठरतंय: जमिनीवर ब्लॉक मांडायचे, वरून ते गेममधल्या मॅपवर चित्र म्हणून उमटतात आणि तो मॅप भिंतीवरच्या फ्रेममध्ये टांगायचा. सहा वारली चित्रं (आमच्यातल्याच एकीने काढलेली), प्रत्येकी एका मॅपची. शिवाय राजा रविवर्म्यांचं एक मोठं चित्र, दोन मॅप रुंद आणि तीन मॅप उंच. एक मॅप चाचणी म्हणून करून पाहिला, त्यात दोन घोळ दिसतात. वरची पहिली ओळ बाकीच्यापेक्षा फिकट आलीय. आणि चित्राच्या मधोमध एक हिरवा बाण आलाय, तो काही केल्या जात नाही.

विचारायचं ते असं:
१) सपाट करावं (सगळे ब्लॉक एकाच पातळीवर) की पायऱ्यांचं (वर-खाली)?
२) वारलीच्या गेरूसाठी कोणता ब्लॉक? साधा टेराकोटा (भाजलेल्या मातीचा ब्लॉक) लावला तर मॅपवर भडक नारिंगी दिसतो.
३) साइनवर (गेममधल्या लाकडी पाटीवर) मराठी लिहिलं की अक्षरांचा चुथडा होतो. उपाय?
४) दालन बाहेरच्यांना दाखवायचं तर सर्व्हर उघडावा, की वर्ल्ड डाउनलोडला द्यावं?

सोळा_हजार_तीनशे_चौऱ्याऐंशी

आधी दोन घोळ निस्तरू.

फिकट ओळ: मॅपवर ब्लॉकची छटा त्याच्या उत्तरेकडच्या शेजाऱ्याच्या उंचीवरून ठरते. उत्तरेचा ब्लॉक समान पातळीवर असेल तर मधली छटा, खाली असेल तर उजळ, वर असेल तर गडद. तुमच्या पहिल्या ओळीच्या उत्तरेला जमीन खाली आहे, म्हणून ती फिकट. चित्राच्या उत्तरेला, म्हणजे झेड (उत्तर-दक्षिण जागेचा आकडा) एकने कमी करून, त्याच पातळीवर १२८ ब्लॉकची एक जादा ओळ टाका. कशाचीही चालेल, ती मॅपवर येत नाही. कार्पेटचं चित्र असेल तर त्या ओळीवरही कार्पेट हवं. नुसते ब्लॉक टाकले तर ओळ एक पायरी खाली राहते आणि पहिले पाढे पंचावन्न.

हिरवा बाण: तो फ्रेमचा पत्ता आहे. फ्रेम ज्या जागी टांगली ती जागा त्याच मॅपच्या हद्दीत असली की खूण उमटते. मॅप लॉक केला तरी जात नाही. म्हणजे तुमचं दालन आणि कॅनव्हास (ब्लॉक मांडायची जागा) एकाच १२८ × १२८ च्या चौकोनात आहेत. कॅनव्हास दुसऱ्या चौकोनात हलवा, दुसरा इलाज नाही. चौकोनांच्या हद्दी ठरलेल्या असतात: -६४ ते ६३, ६४ ते १९१, १९२ ते ३१९, असं एक्स आणि झेड दोन्हीकडे. एफ-३ दाबून जागेचे आकडे पाहा आणि चार कोपऱ्यांना खांब रोवून घ्या. मॅप उघडताना तुम्ही चौकोनात कुठेही उभे असा, हद्द तीच राहते. ‘मी मधोमध उभं राहून मॅप उघडला, मग चित्र सरकलं कसं’ या तक्रारीचं उत्तर हेच.

तिसरा घोळ पुढे येईलच, म्हणून आत्ताच: त्या मॅपची प्रत कुणाच्या खिशात असेल तर त्या खेळाडूची पांढरी खूण भिंतीवरच्या चित्रावर दिसते. जादा प्रती पेटीत ठेवायच्या, अंगावर नाही.

जागा निवडताना बर्फ पडणारा प्रदेश टाळा. एका हिमवृष्टीत चित्रावर पांढरा थर बसतो आणि मॅपवर तोच दिसतो. वाळवंट उत्तम.

चित्र पुरं झालं की मॅप हातात धरून मधोमध उभे राहा. पट्ट्यापट्ट्यांनी भरतो, घाई करू नका. चारही कडा आल्या की कार्टोग्राफी टेबलवर काचेचं पेन लावून लॉक करा आणि मगच तोडायला घ्या. लॉक न केलेला मॅप हातात घेऊन कुणी तिथून फिरला की नवी जमीन त्यावर चढते. भिंतीवरची प्रतसुद्धा बदलते, कारण सगळ्या प्रतींचा क्रमांक एकच असतो. लॉक केल्यावर मात्र तोच चौथरा पुढच्या चित्राला बिनधास्त वापरा.

गेरू_आणि_चुना

वारलीच्या रंगांबद्दल. साधा, न रंगवलेला टेराकोटा मॅपच्या हिशेबात नारिंगी वूल (लोकर) आणि लाल वाळूच्या गटात जातो. डोळ्यांना विटकरी दिसतो, मॅपवर भगवा. रंगवलेल्या टेराकोटाला मात्र प्रत्येकी स्वतंत्र रंग आहेत. सपाट चित्रात लाल टेराकोटा साधारण १२२-५१-३९ (लाल-हिरवा-निळा) असा येतो, नारिंगी टेराकोटा १३७-७०-३१. गेरूच्या जवळचा म्हणाल तर लालच. नारिंगी जरा ताज्या मातीसारखा दिसतो, पण बॅडलँड्समध्ये फुकट खणता येतो.

शेणाने सारवलेल्या भिंतीचा रंग हवा असेल तर डर्टचा (मातीचा) गट: १३०-९४-६६. फक्त साधं डर्ट वापरू नका. आसपास गवत असेल तर ते पसरत येतं आणि चित्रावर हिरवी बुरशी धरल्यासारखं दिसतं. कोर्स डर्ट घ्या, त्यावर गवत चढत नाही. दोन डर्ट आणि दोन ग्रॅव्हलमधून चार निघतात. ग्रॅनाइटही त्याच रंगात मोडतो. सहा चित्रांना तीन लाल आणि तीन मातकट अशी वाटणी केली तर दालन एकसुरी होणार नाही, खाणकामही अर्ध्यावर येतं.

पांढऱ्यासाठी वूल, काँक्रीट, स्नो ब्लॉक, काहीही लावा, मॅपला सगळे सारखेच. पण सपाट चित्रात पांढरा हा पांढरा येत नाही, २२०-२२०-२२० असा राखाडीकडे झुकलेला येतो. वारलीला मी तरी हे बरंच मानेन. तांदळाच्या पिठाची रेघ कागदासारखी झगमगीत नसतेच.

झगमगीत हवीच असेल तर पांढरा ब्लॉक त्याच्या उत्तरेच्या ब्लॉकपेक्षा एक पायरी वर ठेवा. इथे बहुतेकांचं गणित चुकतं. आकृती संपली की लोक पुन्हा मूळ पातळीवर उतरतात आणि प्रत्येक आकृतीच्या खाली गडद किनार येते, कारण उतरलेल्या ब्लॉकचा उत्तरेचा शेजारी उंच असतो. उतरायचं नाही. त्या उभ्या रांगेतली पार्श्वभूमी आता नव्या पातळीवरच पुढे न्यायची. शेजारच्या पूर्व-पश्चिम रांगांशी उंची जुळायची गरज नाही. मॅप फक्त उत्तरेकडे बघतो.

साहित्याचा अंदाज: एका मॅपला १६,३८४ ब्लॉक, अधिक ती १२८ ची ओळ. वारलीत साधारण ८५ टक्के पार्श्वभूमी धरली तर १४,००० टेराकोटा आणि २,४०० पांढरे. साधा टेराकोटा खणून रंगवायचा तर आठाला एक डाय (रंगाची पूड), म्हणजे लाल डाय १,७५०. क्ले (चिकणमाती) भाजून करणार असाल तर एक कोळसा आठ ब्लॉक भाजतो, तिथेही तेवढाच कोळसा. शल्कर बॉक्समध्ये (सामानासकट उचलता येणाऱ्या पेटीत) १,७२८ मावतात, म्हणजे एका चित्राला दहा बॉक्स.

कुंचला_कुदळ

बाण आणि ओळ दोन्ही उलगडले, आभार. रविवर्म्यांचं सहा मॅपचं चित्र कार्पेटमध्ये बसेल का? कार्पेट स्वस्त पडतं असं ऐकलंय.

लोकरीचा_घाऊक_व्यापारी

स्वस्त पडतं हे खरं: दोन वूलचे तीन कार्पेट. एका मॅपच्या १६,३८४ कार्पेटला १०,९२४ वूल. वूल रंगवत बसू नका, मेंढ्या रंगवा. एका डायमध्ये मेंढी कायमची रंगते, दर कापणीला एक ते तीन वूल देते, आईबाप दोघं एका रंगाचे असले तर कोकरूही त्याच रंगाचं होतं.

पण रविवर्म्यांसाठी कार्पेट नको. कार्पेटचे रंग सोळा. त्वचेचे टोन, रेशमाची चमक, दागिन्यांची झळाळी हे सोळात बसवायचं म्हणजे चेहऱ्यावर गोवर उठल्यासारखे ठिपके. कार्पेट झेंडे, बोधचिन्हं, भौमितिक नक्षी, पैठणीचा काठ असल्या गोष्टींना चांगलं.

या चित्राला पायऱ्याच हव्यात. मॅपचे मूळ रंग ६१, पायऱ्यांमुळे प्रत्येकाच्या तीन छटा, एकूण १८३. आकाराचा हिशेब: २५६ × ३८४ बिंदू, ९८,३०४ ब्लॉक. दहा जणांत वाटलं तरी भरपूर आहे, तेव्हा आधी चित्राची काटछाट करा. पूर्ण आकृतीपेक्षा कमरेपासून वरचं घ्या, म्हणजे चेहऱ्याला पुरेसे बिंदू मिळतात. चेहरा साठ बिंदूंहून अरुंद झाला की डोळे म्हणजे दोन काळे ब्लॉक उरतात.

पुढची कृती:

चित्र आधी संगणकावरच २५६ × ३८४ ला कापून घ्या. प्रमाण २:३ आहे का ते बघा, नाहीतर माणसं बुटकी होतात. मॅपआर्टक्राफ्ट नावाचं साधन ब्राउझरमध्ये चालतं. त्यात रुंदी २, उंची ३ द्या आणि तुमची गेमची आवृत्ती निवडा. महागडे ब्लॉक यादीतून काढून टाका. सोनं, हिरे, लॅपिस निवडलेले राहिले तर ते खुशाल मागतं. पायऱ्यांसाठी ‘व्हॅली’ पर्याय घ्या. त्यात प्रत्येक रांग शक्य तिथे खाली खेचली जाते, नाहीतर रांग चढत चढत डोंगर होतो आणि मचाण बांधण्यात जीव जातो.

डिदरिंग म्हणजे दोन रंगांचे ठिपके मिसळून तिसऱ्याचा भास. रविवर्म्यांना फ्लॉइड-स्टाइनबर्ग चालू ठेवा. वारलीला आणि अक्षरांना बंद. चालू राहिलं तर गेरूच्या सपाट भिंतीवर मिरी पसरल्यासारखं दिसतं आणि ब्लॉक लावणाऱ्याचेही हाल होतात, कारण सलग रांगा उरत नाहीत.

निघालेली फाइल लाइटमॅटिका या मॉडमध्ये (गेमला जोडायच्या भरीत) उघडा. हवेत पारदर्शक नकाशा दिसतो, चुकीचा ब्लॉक वेगळ्या रंगात उठतो, साहित्याची यादीही तिथेच मिळते. ब्लॉक आपोआप लावणारे मॉड बऱ्याच सर्व्हरवर बंद असतात. तुमचा सर्व्हर तुमचाच आहे, तेव्हा आपसात आधी ठरवून घ्या.

सहाही मॅप एकाच चौथऱ्यावर एकामागून एक करणार असाल तर प्रत्येकाची फाइल वेगळी काढा आणि प्रत्येकाला स्वतःची उत्तरेची ओळ ठेवा. सलग जागेत करणार असाल तर वरच्या मॅपची शेवटची रांग हीच खालच्याची उत्तर. तिथे वेगळी ओळ घुसवली तर सांध्यावर पट्टा दिसतो.

खिळा_हातोडा

टांगण्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून.

साधी आयटम फ्रेम आणि ग्लो आयटम फ्रेम यात पैसे वाचवू नका. साध्या फ्रेममधलं चित्र खोलीच्या उजेडाप्रमाणे काळवंडतं. ग्लो फ्रेममधलं अंधारातही पूर्ण उजळ. फ्रेमला एक ग्लो इंक सॅक एवढाच खर्च. खोलीचा उजेड मग हवा तसा मंद ठेवता येतो: जमिनीत सी लँटर्न आणि वर कार्पेट, उजेड येतो आणि दिवा दिसत नाही.

सहा मॅपचा क्रम लक्षात राहावा म्हणून लोक अ‍ॅन्व्हिलवर नावं देतात. नाव दिलेला मॅप फ्रेममध्ये टाकला की त्याच्याकडे बघणाऱ्याला ते नाव चित्रावर तरंगताना दिसतं. सहा तुकड्यांवर सहा नावं, शोभा जाते. क्रम लावायला पेटीतल्या जागा वापरा: पहिली तीन घरं डावी रांग, पुढची तीन उजवी.

पाहुणे. मॅप असलेल्या फ्रेमला एक फटका बसला की मॅप खाली, दुसऱ्या फटक्यात फ्रेम. उजवी क्लिक केली की मॅप नव्वद अंशात फिरतो. लहान मुलं आली की हे पहिल्या मिनिटात होतं, मोठी आली की दुसऱ्या. अ‍ॅडव्हेंचर मोडवर विसंबू नका, तो ब्लॉक वाचवतो, फ्रेम नाही. तीन उपाय आहेत. एक, वर्ल्डगार्ड या प्लगइनमध्ये दालनाचा रीजन (राखीव हद्द) आखा. बाहेरच्यांना फोडायची मनाई आपोआप येते, फ्रेम फिरवण्याचा फ्लॅग मात्र वेगळा आहे, तोही बंद करा. दोन, डेटा कमांडने प्रत्येक फ्रेमला ‘फिक्स्ड’ खूण लावा. मग ती ना फुटते ना फिरते. तीन, पाहुण्यांना सरळ स्पेक्टेटर मोड द्या. तिसरा सोपा, पण माणूस भिंतीतून उडत फिरतो, दालन चालत बघण्याची मजा उरत नाही.

फ्रेम लांबून दिसेनाशा होतात ती बहुधा दोन कारणं: खेळाडूच्या व्हिडिओ सेटिंगमधलं एंटिटी डिस्टन्स (फ्रेम, प्राणी अशा ब्लॉक नसलेल्या गोष्टी दिसण्याचं अंतर) कमी असतं, किंवा स्पिगॉटच्या (पेपर ज्यावर बेतलंय त्या सॉफ्टवेअरच्या) सेटिंगमध्ये एंटिटी ट्रॅकिंग रेंजखाली ‘मिसलेनियस’चा आकडा लहान असतो. फ्रेम आणि पेंटिंग त्या वर्गात मोडतात. मोठ्या चित्रासमोर किमान दहा ब्लॉक मागे सरकायला जागा ठेवा आणि आकडा त्याहून बराच मोठा ठेवा.

ऱ्हस्व_वेलांटी

पाट्या! जावा एडिशन देवनागरीची अक्षरं एकेक करून मांडतं, जुळवत नाही. त्यामुळे ‘चित्र’ मधली वेलांटी च च्या उजवीकडे जाऊन बसते आणि ‘त्र’ चे पाय मोडून हलन्त उघडा पडतो. साइन, पुस्तक, अ‍ॅन्व्हिलवरचं नाव, चॅट, सगळीकडे तेच. फॉन्ट बदलून हे सुटत नाही. काही जण जोडाक्षरं टाळून मजकूर लिहितात, पण ‘वारली’ लिहून झाल्यावर पुढे ‘चित्रकला’ येतेच.

म्हणून पाटी हेच चित्र करा. दोन वाटा आहेत.

मॅपची पाटी: १२८ बिंदूंत मजकूर बसवा. शिरोरेघ आणि वेलांट्यांसकट ओळीची उंची किमान २० बिंदू ठेवा, त्याखाली ‘घ’ आणि ‘ध’ ओळखू येत नाहीत. कडा गुळगुळीत करायचा पर्याय बंद, दोनच रंग, डिदरिंग बंद. एका मॅपवर चार-पाच ओळी मावतात: नाव, चित्रकार, साल. वर दोन बिंदू जादा सोडा, अनुस्वार आणि रफार तिथेच कापले जातात. सपाट कार्पेटमध्ये हे काम निघतं.

दुसरी वाट, १.२१ पासूनची: स्वतःची पेंटिंग. डेटा पॅकमध्ये (वर्ल्डला जोडायच्या नियमांच्या फाइली) छोटी जेसन फाइल लिहून रुंदी आणि उंची द्यायची, १ ते १६ ब्लॉक, आणि चित्राचं नाव. खुद्द चित्र रिसोर्स पॅकमध्ये (खेळाडूंकडे उतरणाऱ्या चित्रांच्या फाइली) टेक्स्चर्सखालच्या पेंटिंग फोल्डरात, पीएनजी म्हणून. मूळ खेळात ब्लॉकला १६ बिंदू असतात, पण ६४ किंवा १२८ दिले तरी चालतात, त्यामुळे दोन ब्लॉक रुंद पाटीवर बारीक टाइपही वाचता येतो. नुसत्या रीलोडने नवी पेंटिंग येत नाहीत, सर्व्हर बंद करून सुरू करावा लागतो. जांभळा-काळा चौकटीचा पट दिसला तर समजा रिसोर्स पॅक पोचलेला नाही किंवा दोन्हीकडची नावं जुळत नाहीत. सर्व्हर प्रॉपर्टीजमध्ये पॅकचा दुवा आणि शा-१ (फाइलची ओळख पटवणारा कोड) दोन्ही भरा. शा-१ जुना राहिला की खेळाडूंना जुनाच पॅक दिसत राहतो.

याच वाटेने खुद्द रविवर्माही लावता येतील, १८३ रंगांची कटकटच नाही. पण मग ते टांगलेलं पोस्टर झालं, बांधलेलं चित्र नव्हे. पाट्या पेंटिंगच्या, चित्रं मॅपची, ही वाटणी मला पटते. सर्व्हायव्हलमध्ये ९८ हजार ब्लॉक लावायचा उत्साह टिकला तर.

कुंचला_कुदळ

पाट्या पेंटिंगच्या, ठरलं. आता शेवटचा, दाखवायचं कसं? दोन पाहुणे मोबाइलवरून बेडरॉकवाले (गेमच्या दुसऱ्या एडिशनवरचे) आहेत. आणि एका मित्राला दालन त्याच्या वर्ल्डमध्ये उचलून न्यायचंय.

सोळा_हजार_तीनशे_चौऱ्याऐंशी

बेडरॉकवाल्यांना सर्व्हरवर गायझर (त्यांना जावा सर्व्हरशी जोडणारं प्लगइन) बसवून घेता येईल. मॅप त्यांना दिसतात. पण जावाचा रिसोर्स पॅक त्यांच्याकडे जात नाही, म्हणजे तुमच्या पेंटिंगच्या पाट्या त्यांना वाचता येणार नाहीत. मोबाइलवाले जास्त असतील तर पाट्याही मॅपच्याच करा.

वर्ल्ड डाउनलोडला देणं: आधी सर्व्हर बंद, मग पूर्ण फोल्डरची प्रत. त्या प्रतीतून खेळाडूंच्या डेटाचा फोल्डर काढा, नाहीतर सगळ्यांचे खिसे लोकांना आयते मिळतात. एमसीए सिलेक्टर या साधनाने दालनाबाहेरचे चंक (वर्ल्डचे तुकडे) उडवा, आकार झटकन उतरतो. कॅनव्हासचा चौथराही गेला तरी चालेल, मॅप लॉक आहेत. ‘डेटा’ नावाचा जो वेगळा फोल्डर आहे त्याला मात्र हात लावायचा नाही. १.२१ मध्ये चित्रं तिथे असतात, एका मॅपला एक फाइल.

मित्राला नेमकं इथेच अडेल. मॅप ही वस्तू म्हणजे नुसता क्रमांक. इमारत स्केमॅटिकने (बांधकामाची साठवलेली प्रत) उचलली तर फ्रेममध्ये ‘मॅप १२’ एवढंच जातं, आणि त्याच्या वर्ल्डमध्ये मॅप १२ म्हणजे त्याच्या गावठाणाचा नकाशा. रविवर्म्यांच्या जागी त्याचं बटाट्याचं शेत. तेव्हा त्याच्या वर्ल्डमधल्या सर्वांत मोठ्या क्रमांकाच्या पुढचे क्रमांक तुमच्या मॅप फाइलींना द्यायचे, समजा ५०० पासून. सर्व्हर बंद असताना त्या त्याच्या डेटा फोल्डरात टाकायच्या, क्रमांक मोजणारी फाइलही पुढे सरकवायची, आणि मग गिव्ह कमांडने त्या क्रमांकांचे मॅप काढून फ्रेममध्ये भरायचे. पाट्यांसाठी डेटा पॅक आणि रिसोर्स पॅक वेगळे द्यायला विसरू नका.

स्ट्रक्चर ब्लॉक वापरणार असाल तर मर्यादा ४८ × ४८ × ४८, आणि ‘एंटिटी घ्या’ हा पर्याय चालू करावा लागतो. फ्रेम आणि पेंटिंग दोन्ही एंटिटी आहेत. बंद राहिला तर कोऱ्या भिंती पोचतात.

गेरू_आणि_चुना

दालन सार्वजनिक करण्याआधी हक्कांचं बघून घ्या. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो. रविवर्मा १९०६ साली वारले, अमृता शेरगिल १९४१ साली, त्यांची चित्रं खुली आहेत. हुसेन २०११ आणि रझा २०१६, म्हणजे ती नाहीत. वारली ‘लोककला’ म्हणून कुणाचंही चित्र उचलायचं असं नसतं. जिव्या सोमा म्हसे २०१८ साली गेले, त्यांच्या चित्रांवर हक्क आहे. तुमची सहा तुमच्या मैत्रिणीनेच काढलीत, तेव्हा पाटीवर तिचं नाव घाला आणि डाउनलोडच्या पानावर तिची परवानगी असल्याचं लिहा.

कुंचला_कुदळ

तिचं नाव ‘कृत्तिका’ने सुरू होतं, साइनवर बघवत नव्हतं. पेंटिंगची पाटी दोन ब्लॉक रुंद, एक उंच, ब्लॉकला ६४ बिंदू अशी करतोय. पहिली लागली की इथे चित्र टाकतो.

ऱ्हस्व_वेलांटी

मग पीएनजी नेमकी १२८ × ६४ ठेवा. प्रमाण चुकलं तर खेळ कुरकुर करत नाही, चित्र ताणून बसवतो आणि अक्षरं जाडी होतात.